बोलेस्लाव (व्यक्तिनाम)

बोलेस्लाव : पोलंड आणि बोहीमिया (आताच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग) या दोन्ही देशांत मध्ययुगापासून आढळणारे स्लाव्ह पुरुषनाम. चेक उच्चार ‘बोलेस्लाव’, पोलिश उच्चार साधारणपणे ‘बोलेस्वाफ’. लॅटिन कागदपत्रांत ‘बोलेस्लाउस’. घरगुती रूप ‘बोलेक’. सायलीशियातील राजकुळांत ‘बोल्को’ हे संक्षिप्त रूपच पुढे स्वतंत्र नावासारखे रूढ झाले. इ. स. ९३५ (काहींच्या मते ९२९) ते १२७९ या काळात बोहीमियाच्या गादीवर तीन व पोलंडच्या गादीवर पाच बोलेस्लाव बसले. त्यांशिवाय सायलीशिया, मझोव्हिया वगैरे पोलंडमधील छोट्या संस्थानांतही या नावाचे अनेक राजे झाले.

नावाचा पहिला घटक ‘अधिक, थोर’ या अर्थाचा प्राचीन स्लाव्ह शब्द असून दुसरा ‘स्लावा’ म्हणजे कीर्ती. ‘ज्याची कीर्ती अधिक तो’ असा एकूण अर्थ होतो. पहिल्या घटकाचा संबंध वेदनावाचक ‘बोल’ या शब्दाशी जोडण्याची प्रवृत्ती लोकव्युत्पत्तीत दिसते, पण ती भाषाशास्त्राला मान्य नाही. ‘स्लावा’ आणि संस्कृत ‘श्रवस्’ (कीर्ती) यांचे मूळ एकच, याबद्दल दुमत नाही. पहिल्या घटकाची तुलना ‘बलीयस्’शी करण्यात येते, ती मात्र सर्वमान्य नाही. मराठी वाचकाला अर्थाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे नाव महाभारतात सापडेल : सात्यकीच्या हातून मारला गेलेला कौरवपक्षाचा भूरिश्रवा. ‘भूरि’ आणि ‘श्रवस्’ यांच्या जोडणीतून तेथेही ‘ज्याची कीर्ती विपुल तो’ हाच अर्थ निघतो. दोन्ही नावे एकमेकांवरून घेतलेली नाहीत. कीर्तिवाचक शब्दाने नाव संपवण्याची जुनी इंडो-यूरोपीय पद्धत तेवढी दोहोंत टिकून राहिली आहे.

इतिहासात ठळकपणे दिसणारा पहिला बोलेस्लाव म्हणजे बोहीमियाच्या प्शेमिस्ल राजघराण्यातील पहिला बोलेस्लाव, ‘क्रूर’. थोरला भाऊ वात्स्लाव याचा वध करून तो गादीवर आला. हा वध आजच्या स्टारा बोलेस्लाव (जुने बोलेस्लाव) येथे २८ सप्टेंबरला झाला. दिवसाबद्दल वाद नाही. वर्षाबद्दल मात्र ९२९ की ९३५ हा वाद दीर्घकाळ चालू आहे. जुन्या स्लाव्ह संतकथेनुसार संत कोस्मास व दामिआन यांचा सण (२७ सप्टेंबर) रविवारी आला होता आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वात्स्लाव मारला गेला. या वारावरून निकाल लागेल असे वाटते, पण तसे होत नाही. सहा वर्षांच्या या अंतरात एकच लीप वर्ष (९३२) येत असल्याने २८ सप्टेंबरला ९२९ मध्येही सोमवार होता आणि ९३५ मध्येही. त्यामुळे विडुकिंट या सॅक्सन इतिहासकाराचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. बंधुहत्येचा उल्लेख तो पहिला ऑटो जर्मनीचा राजा झाल्याच्या (९३६) प्रसंगालगत करतो आणि त्यानंतर बोलेस्लावशी सुरू झालेले युद्ध चौदा वर्षे चालल्याचे सांगतो. बोलेस्लाव ९५० मध्ये शरण गेला, हे लक्षात घेता ९३५ हे वर्ष अधिक संभवनीय दिसते. नव्या लेखनाचा कलही तिकडेच आहे. बोलेस्लावच्या मृत्यूचे वर्षही असेच दुहेरी आहे : कोस्मास या प्रागच्या इतिवृत्तकाराने दिलेले ९६७, आणि आता बहुधा स्वीकारले जाणारे ९७२.

‘क्रूर’ हे विशेषण वात्स्लावला संतपद मिळाल्यानंतरच्या परंपरेतून आले आहे, हे विसरून चालणार नाही. बोहीमियातील पहिली चांदीची नाणी (दिनार) याच्याच कारकीर्दीत पडली. स्पेनमधून आलेला ज्यू प्रवासी इब्राहिम इब्न याकूब याने सु. ९६५ मध्ये त्याचा उल्लेख प्राग, बोहीमिया व क्राकूव्हचा राजा असा केला आहे. संतकथांतला भ्रातृघातकी आणि नाण्यांवरून व प्रवासवर्णनावरून दिसणारा राज्यकर्ता यांतला दुसरा दुर्लक्षित राहिला, तो इतिहासावर झालेला अन्याय आहे.

नाव पोलंडला कसे गेले, याचा धागा स्पष्ट आहे. ९६५ मध्ये या बोलेस्लावची मुलगी दोब्रावा हिचा विवाह पोलंडच्या प्यास्त राजघराण्यातील म्येश्को याच्याशी झाला; पुढच्याच वर्षी म्येश्कोने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सु. ९६७ मध्ये झालेल्या मुलाला आईच्या वडिलांचे, म्हणजे आजोबांचे नाव ठेवण्यात आले. प्यास्तांनी बोहीमियाच्या संबंधाला दिलेले महत्त्व त्यावरून कळते. कदाचित त्यात पुढील वारसाहक्काचा दावाही अभिप्रेत असावा, परंतु तत्कालीन लेखी पुराव्यात तसे कोठेही म्हटलेले नाही.

हाच बोलेस्लाव ख्रोब्री (‘शूर’). पित्यानंतर ९९२ मध्ये तो सत्तेवर आला. बोहीमियात तेव्हा त्याचा मामा दुसरा बोलेस्लाव, ‘धर्मनिष्ठ’, राज्य करीत होता. प्रागचे बिशपपीठ त्याच्याच काळातले (९७३). मामानंतर आलेला मामेभाऊ तिसरा बोलेस्लाव, ‘तांबड्या केसांचा’, याला ख्रोब्रीने १००३ मध्ये आपल्याकडे बोलावून आंधळे केले व स्वतः प्रागचा ताबा घेतला. म्हणजे एका बोलेस्लावला दूर करून दुसरा बोलेस्लाव तेथे बसला! काही याद्यांत ख्रोब्रीची गणना म्हणूनच बोहीमियाचा चौथा बोलेस्लाव अशी केली जाते. ही सत्ता १००४ मध्येच संपली. त्यानंतर बोहीमियाच्या गादीवर या नावाचा राजा आला नाही. राष्ट्रसंताच्या मारेकऱ्याचे नाव म्हणून ते टाळले गेले असावे. पोलंडमध्ये मात्र तेच नाव राजघराण्याचे भूषण ठरले.

१००० मध्ये ग्न्येझ्नो येथे सम्राट तिसरा ऑटो याने स्वतःचा मुकुट ख्रोब्रीच्या मस्तकावर ठेवला, असे गाल्लुस हा बाराव्या शतकातील इतिवृत्तकार लिहितो. तो विधिपूर्वक राज्याभिषेक होता काय, यावर मतभेद आहेत. १०२५ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, त्याला अभिषेक झाला हे पाहता ग्न्येझ्नोच्या प्रसंगाला मैत्रीचा व मानाचा सोहळा मानणेच योग्य वाटते. १०१८ मध्ये कीव्हच्या सुवर्णद्वारावर तलवार आपटून त्याने तिला खाच पाडली, ही कथा लोकप्रिय आहे. पण ते द्वार त्यानंतर बांधले गेले आणि क्राकूव्हच्या वावेल किल्ल्यात जपलेली ‘श्चेर्ब्येत्स’ ही तलवार बाराव्या-तेराव्या शतकांतील आहे.

या नावाशी निगडित सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न ‘विस्मृत’ बोलेस्लावचा आहे. ख्रोब्रीचा मुलगा दुसरा म्येश्को १०३४ मध्ये वारला. त्याचा थोरला मुलगा बोलेस्लाव याने त्यानंतर राज्य केले, पण त्याच्या दुष्कृत्यांमुळे राजांच्या गणनेतून त्याचे नाव वगळले गेले, असे ‘व्येल्कोपोल्स्का इतिवृत्ता’त म्हटले आहे. हे इतिवृत्त घटनेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी रचले गेले. काळाने बरीच जवळ असलेल्या गाल्लुसला या राजाची वार्ताही नाही. समर्थकांचा एक युक्तिवाद थेट नामकरणाचा आहे : म्येश्कोचा थोरला मुलगा आजोबांच्या नावाचाच असणार, आणि काझिमीर हे या घराण्यात तोवर न आढळणारे नाव धाकट्याला शोभणारे आहे. या युक्तिवादात एक उणीव आहे. खुद्द ख्रोब्रीच्या थोरल्या मुलाचे नाव आजोबांचे नव्हते. तो बेस्प्रिम होता, आणि ‘म्येश्को’ हे नाव त्याच्या धाकट्या भावाला मिळाले. प्यास्तांचा नामकरणाचा संकेत पहिल्याच पिढीत इतका लवचिक असेल, तर त्याच्या आधारे एक राजा उभा करता येत नाही. या राजाचे अस्तित्व अशक्य नाही, पण सिद्धही नाही. पोलंडच्या रूढ क्रमांकनात त्याला स्थान नाही.

त्या क्रमांकनातील दुसरा बोलेस्लाव, ‘धीट’ किंवा ‘उदार’, याला १०७६ मध्ये राज्याभिषेक झाला. १०७९ मध्ये क्राकूव्हचा बिशप स्तानिस्लाव याला ठार करविल्यामुळे त्याला हंगेरीत पळावे लागले. गाल्लुसने या बिशपसाठी वापरलेला ‘त्रादितोर’ हा लॅटिन शब्द देशद्रोही या अर्थाने घ्यावा की केवळ बंडखोर या अर्थाने, यावर बरीच चर्चा झाली आहे. बिशपला १२५३ मध्ये संतपद मिळाले आणि राजाची बाजू मागे पडली. तिसरा बोलेस्लाव, ‘वाकड्या तोंडाचा’, याने पॉमरेनिया जिंकला. ११३८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर राज्य मुलांत वाटले गेले. चौथा ‘कुरळ्या केसांचा’, पाचवा (१२२६–७९) ‘लाजाळू’. पाचव्याच्या काळात, १२४१ मध्ये, मंगोल स्वारी झाली आणि १२५७ मध्ये क्राकूव्हला नगराची सनद मिळाली. कालिशचा बोलेस्लाव, ‘धर्मनिष्ठ’, हा निराळा. १२६४ मध्ये त्याने ज्यूंना संरक्षण देणारी सनद दिली.

११३८ च्या या वाटणीनंतर प्रत्येक संस्थानाने आपापली गणना सुरू केल्याने ‘पहिला बोलेस्लाव’ किंवा ‘दुसरा बोलेस्लाव’ एवढ्याने ओळख पटत नाही. बोहीमियाचा, पोलंडचा आणि मझोव्हियाचा दुसरा बोलेस्लाव ही तीन वेगळी माणसे होत. नुसता क्रमांक न देता प्रदेश व विशेषण देणे आवश्यक आहे. ‘धर्मनिष्ठ’ हे विशेषणही दोघांना आहे, हे वरील उदाहरणांवरून दिसेल.

एकोणिसाव्या शतकात हे नाव लेखकांनी आपणहून घेतलेले दिसते. चेक कवी व धर्मगुरू कारेल एउगेन तुपी (१८१३–८१) बोलेस्लाव याब्लोन्स्की या नावाने लिहीत असे आणि त्याचा मृत्यू क्राकूव्हमध्ये झाला. पोलिश कादंबरीकार अलेक्सांदेर ग्वोवात्स्की (१८४७–१९१२) बोलेस्वाफ प्रुस म्हणून ओळखला जातो. विसाव्या शतकात कवी बोलेस्वाफ लेश्म्यान (१८७७–१९३७) आणि पोलंडचा कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष बोलेस्वाफ ब्येरुत (१८९२–१९५६) हे उल्लेखनीय.

ग्रामनामांत सायलीशियातील मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले बोलेस्लाव्येत्स आणि बोहीमियातील म्लादा बोलेस्लाव (तरुण बोलेस्लाव) येतात. दुसरे नाव दुसऱ्या बोलेस्लाववरून, ‘जुन्या’ बोलेस्लावहून वेगळे ओळखण्यासाठी पडले. श्कोडा या मोटार कारखान्याचे मूळ तेथेच, १८९५ मध्ये निघालेल्या लाउरिन व क्लेमेंट यांच्या सायकलींच्या उद्योगात आहे. त्या कंपनीच्या गाड्या २००१ पासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचे औरंगाबाद) शेंद्रा येथेही जोडल्या जाऊ लागल्या.