प्राण्यांच्या विचारशक्तीचा शोध : पार्श्वभूमी

माणूस आणि इतर प्राणी यांच्या मनांतला फरक कमीअधिक प्रमाणाचा आहे, मूळ प्रकाराचा नव्हे, असे चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये लिहिले आणि प्राणी विचार करतात का, हा तत्त्वज्ञांचा प्रश्न जीवशास्त्राच्या कक्षेत आला. आरंभीचा पुरावा मात्र बराचसा कुत्र्या-मांजरांच्या हुशारीच्या ऐकीव हकिकतींचा होता. म्हणून ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये बजावले की, जे वर्तन साध्या मानसिक प्रक्रियेने उलगडते, त्यामागे वरच्या दर्जाची बुद्धी गृहीत धरू नये.

हा इशारा किती रास्त होता, हे बर्लिनच्या हान्स या घोड्यामुळे कळले. गणिताचे उत्तर तो खुराचे ठोके देऊन सांगत असे. परंतु विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला की हान्स चुकतो, असे मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर प्फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवले. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि तेवढ्यावर हान्स थांबत असे. यात मालकाची लबाडी नव्हती, आणि इतकी सूक्ष्म हालचाल टिपणारा प्राणी मंदबुद्धी ठरत नाही, हेही विसरू नये.

हान्सच्या चौकशीशी संबंधित असलेले मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांचे शिष्य वोल्फगांग कोहलर १९१३ मध्ये चिंपांझींच्या अभ्यासासाठी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर गेले आणि महायुद्धामुळे तिथेच अडकले. त्यांच्या सुलतान नावाच्या चिंपांझीला पिंजऱ्याबाहेरचे केळे एका काठीने गाठता येईना. तासाभराच्या अपयशानंतर काठ्यांशी चाळा करताना दोन्ही एका रेषेत आल्या. तेव्हा त्याने बारीक काठी जाड पोकळ काठीत खोचली आणि लगेच गजांकडे धावत जाऊन केळे ओढून घेतले. भाषेवाचून चाललेल्या अशा विचाराच्या याच निरीक्षणांच्या आधारे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३४ च्या ग्रंथात मांडले की, विचार आणि भाषा यांची मुळे वेगळी असून मुलांत त्यांचे प्रवाह दोन वर्षांच्या सुमारास एकत्र येतात.

भाषेवाचूनही भूतकाळाचा हिशेब ठेवता येतो का, याची कसोटी निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये अन्न लपवून ठेवणाऱ्या, कावळ्याच्या कुळातल्या स्क्रब-जे पक्ष्यांवर घेतली. या पक्ष्यांना आवडत्या अळ्या आणि शेंगदाणे वेगवेगळ्या जागी लपवू दिले. चार तासांनी ते अळ्यांच्या जागी गेले. १२४ तासांनी, अळ्या सडल्या असतील तेव्हा, शेंगदाण्यांच्या. अळ्या सडतात हा अनुभव ज्यांना मिळू दिला नव्हता, ते पक्षी मात्र उशिरानेही अळ्याच शोधत राहिले. वासाचा माग लागू नये म्हणून लपवलेले अन्न परीक्षेपूर्वीच काढून घेतले होते.