उजनीतली उन्हाळ्याच्या तोंडची मासेमारी

उजनी जलाशय म्हणजे भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं बॅकवॉटर, सरकारी नाव यशवंतसागर. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि पाणी सोलापूर, पुणे, अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत इथं जी मासेमारी चालते ती पावसाळ्यानंतरच्या किंवा थंडीतल्या मासेमारीपेक्षा एकदम वेगळी, कारण या दिवसांत दोन गोष्टी एकदम होतात, पाणी तापायला लागतं आणि पातळी रोज खाली जात राहते. ऊन महत्त्वाचं आहेच, पण खरा हिशोब पातळीचा.

एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. कालव्यांना उन्हाळी आवर्तन सुटलं, नदीतून सोलापूर-पंढरपूरला पिण्याचं पाणी गेलं, की धरण बघता बघता 'मायनस'मध्ये जातं, म्हणजे उपयुक्त पाणी संपून मृतसाठ्याला हात लागतो. भिगवण, कुंभारगाव, डिकसळकडचा भाग मुळातच उथळ, तिथलं पाणी आधी मागं सरतं, उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात, पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्याबाहेर यायला लागतं. मासे उरलेल्या पाण्यात दाटतात त्यामुळं जाळ्यात लवकर सापडतात. पण पातळी उतरली की बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे, जुन्या विहिरी पाण्याच्या अगदी जवळ येतात, तंगूसाचं (नायलॉनच्या बारीक धाग्याचं) जाळं त्यात अडकलं की सरळ फाटतं. कुठं काय बुडालंय हे डोक्यात असणारा माणूसच या दिवसांत नीट जाळं टाकू शकतो.

इथला मुख्य मासा चिलापी, म्हणजे तिलापिया. थंडीत तो खोल पाण्यात सुस्त पडून असतो, पाणी तापलं की काठाकडं येतो. नर उथळ तळात ताटासारखा गोल खड्डा करून राखण करतो, मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. अशी मादी जाळ्यात आली की धडपडीत अंडी-पिल्लं तोंडातून सांडतात, म्हणजे एका माशाबरोबर पुढची अख्खी पिढी जाते. सायप्रिनसची (कॉमन कार्प माशाची) वीणही याच सुमाराला, काठच्या गवतात. पातळी झपाट्यानं उतरली तर ती अंडी आणि चिलापीचे खड्डे दोन्ही उघडे पडतात. रोहू, कटला, मृगळ यांची वीण मात्र पावसाळ्यातल्या पुराच्या पाण्यावर असते, आणि उजनीत त्यांची संख्या टिकते ती मुख्यतः सोडलेल्या मत्स्यबीजावर. मरळ, वाम, शिंगटा कमी मिळतात पण भाव चांगला.

जाळी संध्याकाळी लावायची आणि पहाटे काढायची हेच बरं, कारण दुपारनंतर वारा सुटतो आणि एवढ्या मोकळ्या पाण्यात लाटा मोठ्या होतात. एप्रिल-मे मधल्या वळवाच्या वाऱ्याला तर हलक्यात घेऊच नये. २१ मे २०२४ ला कळाशी-कुगाव दरम्यान प्रवाशांची बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटून ६ जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात जा, काठ जवळ दिसत असला तरी.

पाण्याची प्रत हा या मोसमाचा सगळ्यात दुखरा भाग. मुळा-मुठेतून पुण्याचं, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेत आणि तिथून इथंच येतं. साठा कमी झाला की तेच पाणी दाट होतं, हिरवं पडतं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं पण रात्री ओढून घेतं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन तसाही कमी मावतो, म्हणून पहाटे मासे वर येऊन हवा घेताना दिसतात. असं दिसलं तर जास्त मासे आलेत असं समजू नका, ते गुदमरतायत.

दुसरं म्हणजे वडाप. अगदी बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यानं काठाकाठानं सगळं ओरपायचं, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. बेकायदा आहे तरी चालतं. मासे दाटलेले असतात त्या महिन्यात वडाप ओढलं की सोडलेलं बीज वाढायच्या आत संपतं आणि नंतर मोठ्या आसाचं जाळं टाकणाऱ्या भोई कुटुंबांच्या हाती काहीच लागत नाही.

भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात सकाळी लिलाव होतो. एप्रिलनंतर उरलीसुरली मासेमारी थांबते ती पावसानं, दौंडकडून भीमेतून येणारा विसर्ग वाढला, गढूळ लोंढा आत शिरला, की काठावर जाळी वाळायला पडतात.