जलसुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय विकास (पदव्युत्तर अभ्यास)

पाणी कोणाला, किती, कधी आणि कितपत खात्रीने मिळते, आणि हे ठरवण्याची सत्ता कोणाकडे असते, यांचा अभ्यास करणारी आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर शाखा. जलविज्ञान, सिंचन, सार्वजनिक आरोग्य, विकासाचे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय कायदा हे विषय तीत एकत्र येतात. ब्रिटनमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने या नावाचा एमएससी अभ्यासक्रम चालवला आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या आयएचई या जलशिक्षण संस्थेत विकसनशील देशांतील जलअभियंत्यांचे प्रशिक्षण १९५७ पासून चालते. ब्रिटिश पद्धतीत पूर्णवेळ अभ्यासाचा कालावधी १२ महिने, एकूण श्रेयांक १८० आणि त्यांपैकी साधारण ६० प्रबंधिकेसाठी असतात.

पाणी किती आहे, यापासून अभ्यासाची सुरुवात होते. स्वीडिश जलशास्त्रज्ञ मालिन फाल्कनमार्क यांच्या निर्देशांकानुसार दरडोई वार्षिक उपलब्धता १,७०० घनमीटरच्या खाली गेली की ताण, १,००० च्या खाली टंचाई आणि ५०० च्या खाली तीव्र टंचाई मानतात. निर्देशांक सोपा आहे, म्हणूनच त्याचा गैरवापरही खूप होतो. वर्षाची राष्ट्रीय सरासरी कोरड्या महिन्यांतली स्थिती दाखवत नाही, साठवणक्षमता मोजत नाही, आणि नळ असलेल्या वस्तीशेजारच्या बिननळाच्या वस्तीचे अस्तित्वच तिला दिसत नाही. डेव्हिड ग्रे आणि क्लॉडिया सॅडॉफ यांनी २००७ मध्ये मांडलेल्या व्याख्येत आरोग्य, उपजीविका, परिसंस्था आणि उत्पादन यांसाठी पुरेसे व योग्य प्रतीचे पाणी येते, आणि त्याच्या जोडीला पूर-दुष्काळासारखे धोके सोसण्याजोग्या पातळीवर असणेही येते. ‘सोसण्याजोगे’ कोणासाठी, हा प्रश्न ती व्याख्या मोकळा ठेवते. या शाखेतले बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

वर्गात अभियंते आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी शेजारी बसतात आणि दोघांची अडचण वेगळी असते. समाजशास्त्राकडून आलेल्यांना एककांचा सराव आधी करावा लागतो : १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, सेकंदाला १ घनमीटर प्रवाह दिवसभर चालला तर ८६,४०० घनमीटर. अभियंत्यांना मुलाखत घेणे शिकावे लागते, कारण कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी का पोचत नाही याचे उत्तर नकाशात क्वचितच सापडते.

पाण्याचा ताळेबंद हा या अभ्यासाचा कणा आहे. पाऊस म्हणजे बाष्पीभवन व वनस्पतींचे बाष्पोत्सर्जन, वाहून गेलेले पाणी आणि साठ्यातला बदल यांची बेरीज, एवढेच समीकरण. चुका होतात त्या उपसा आणि प्रत्यक्ष खप यांत गल्लत केल्याने. समजा, कालव्यातून १०० एकक पाणी घेतले, पिकाने ६० वापरले आणि ४० झिरपून नदीत किंवा भूजलात परतले. ठिबक बसवल्यावर कार्यक्षमता ९० टक्के झाली. आता तेच ६० एकक पिकाला द्यायला ६७ एकक उपसा पुरेल. ही बचत कागदावरची. शेतकऱ्याचा १०० एककांचा हक्क तसाच राहिला तर तो उरलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र भिजवतो. पिकांचा खप ९० वर जातो आणि परतणारे पाणी १० वर येते. शेतात प्रगती झाली, पण खालच्या अंगाची विहीर आटली. म्हणून ‘बचत’ हा शब्द वापरण्यापूर्वी ती कोणत्या पातळीवर मोजली, शेताच्या की खोऱ्याच्या, हे विचारायची सवय विद्यार्थ्याला लावतात. परतीचे पाणी समुद्राला किंवा खाऱ्या भूजलाला मिळत असेल तर बचत खरी असते. तेव्हा सरसकट उत्तर नाही.

घरगुती पाण्याच्या मोजमापात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त देखरेख कार्यक्रमाची शिडी वापरतात. सुधारित, म्हणजे बाहेरच्या घाणीपासून संरक्षित, स्रोतावर जाऊन, रांग धरून, ३० मिनिटांच्या आत परत येता आले तर ‘मूलभूत’ सेवा. ‘सुरक्षित व्यवस्थापित’ म्हणायला पाणी घराच्या आवारात, हवे तेव्हा आणि दूषणमुक्त असावे लागते. हातपंप बसवल्याची नोंद आणि हातपंपातून आज पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुटे भाग, मिस्त्री आणि वर्गणी यांपैकी एक दुवा तुटला की पंप बंद पडतो.

अनुभवाच्या बाजूने मोजण्यासाठी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली १२ प्रश्नांची घरगुती जल-असुरक्षितता मापनपट्टी आहे. मागच्या ४ आठवड्यांत पाण्याची चिंता वाटली का, हात धुता आले नाहीत का, तहानलेले झोपावे लागले का, असे प्रश्न. प्रत्येकाला वारंवारितेनुसार ० ते ३ गुण. बेरीज १२ किंवा जास्त आली तर घर असुरक्षित. पट्टी चांगली आहे, पण पावसाळ्यात केलेले सर्वेक्षण उन्हाळ्याबद्दल काहीच सांगत नाही. पाणी भरणाऱ्या बाईऐवजी दारात भेटलेल्या पुरुषाला विचारले तरी आकडे बिघडतात.

पाण्याच्या नमुन्यातही शिस्त लागते. निर्जंतुक बाटली, क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट, नमुना थंड पेटीत, आणि शक्यतो त्याच दिवशी तपासणी. दर १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेच्या दूषणाची खूण मानला जाणारा ई. कोलाय जिवाणू एकही नसावा, हा निकष. नळाचे पाणी स्वच्छ आणि घरातल्या हंड्यातले दूषित, असा निकाल वारंवार येतो. म्हणून दोन्ही ठिकाणांहून नमुने घेतात.

सीमापार नद्यांचा भाग स्वतंत्रपणे शिकवतात. संयुक्त राष्ट्रांचा जलप्रवाह करार १९९७ मध्ये मंजूर झाला, पण आवश्यक ३५ देशांची मान्यता जमून तो लागू व्हायला १७ ऑगस्ट २०१४ उजाडले. न्याय्य व वाजवी वापर आणि लक्षणीय हानी न करण्याचे बंधन ही त्याची दोन मुख्य तत्त्वे. वरच्या अंगाचा देश पहिल्यावर भर देतो, खालच्या अंगाचा दुसऱ्यावर. १९६० च्या सिंधू करारात पाण्याऐवजी नद्याच वाटल्या : रावी, बियास, सतलज भारताकडे, सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. युद्धांच्या काळातही टिकलेला हा करार भारताने २०२५ मध्ये स्थगित ठेवला. मार्क झाइटून आणि जेरोन वॉर्नर यांनी २००६ मध्ये मांडलेली जलवर्चस्वाची चौकट इथे उपयोगी पडते : करार झाला म्हणजे सहकार्य झाले, असे ती मानत नाही. बलवान बाजू लष्कराइतकाच माहिती, पैसा आणि चर्चेची विषयपत्रिका यांचाही वापर करते. वर्गात होणाऱ्या वाटाघाटींच्या सरावात दुबळ्या देशाची भूमिका घेणाऱ्याला हे सर्वांत लवकर कळते.

प्रबंधिका बहुधा व्याप्तीमुळे फसते. ‘अमुक देशाची जलसुरक्षा’ हा तीन महिन्यांचा विषय नव्हे. एका कालव्यावरची पाळीपद्धत किंवा एका वस्तीतले टँकरचे अर्थकारण हा आहे. नीतिमत्ता समितीची परवानगी मिळाल्याशिवाय मुलाखती सुरू करता येत नाहीत, म्हणून अर्ज क्षेत्रकार्याच्या बराच आधी द्यावा. सीमापार नद्यांच्या प्रवाहाची आकडेवारी अनेक सरकारे गोपनीय ठेवतात. ती मिळेल असे गृहीत धरून विषय निवडू नये. उपग्रहांचा आधार घेता येतो, पण मर्यादेत : २००२ मध्ये सोडलेले आणि २०१७ पर्यंत चाललेले ग्रेस उपग्रह आणि २०१८ पासूनचे त्यांचे उत्तराधिकारी गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून साठ्यातला फरक सांगतात, तेही काही शे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यासाठी. एका तालुक्याच्या भूजलासाठी निरीक्षण विहिरींच्या पातळ्याच घ्याव्या लागतात.