खांद्यात बसलेली सुई

आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका काकूंना कोरोनाची लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून उजवा हात वर नेता येईना. वेणी घालायची तर सुनेला हाक. 'लसीनं दुखतंयच की, जाईल चार दिवसांत' म्हणता म्हणता पाच महिने गेले.

अशा दुखण्यात बहुधा दोष लसीचा नसतो, सुईच्या जागेचा असतो. खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं सोडून टोचायचं असतं. बाही वर न सारता कपडा गळ्याकडून खाली ओढला की सुई वर बसण्याची भीती. औषध सांध्यालगतच्या पिशवीत जातं आणि खांदा धरतो.

अमेरिकेत 2010 मध्ये 13 रुग्णांच्या नोंदींवरून याला 'सिर्वा', म्हणजे लस टोचल्यानं झालेली खांद्याची इजा, असं नाव मिळालं. भरपाईची सोय मात्र जुनी. डांग्या खोकल्याच्या लसीवरून दाव्यांवर दावे पडले, कंपन्या लस बनवणं सोडू लागल्या, तेव्हा 1986 मध्ये कायदा झाला आणि 1988 पासून योजना. पैसा लसीवरच्या करातून येतो: एक डोस जितक्या रोगांपासून वाचवतो, त्यातल्या दर रोगामागे 75 सेंट. चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. 2017 मध्ये सिर्वा या योजनेतल्या भरपाईयोग्य दुखण्यांच्या तक्त्यात आला. दुखणं 48 तासांत सुरू झालेलं हवं, सहा महिन्यांहून जास्त टिकलेलं हवं. वेदनेपोटी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. 2021 च्या जानेवारीत सरकारनं त्याला तक्त्यातून काढायचा नियम केला, आणि काही महिन्यांतच तो मागे घेतला. कोरोनाच्या लसीला तिथंही वेगळी, बरीच कंजूष योजना. अर्जाला एकच वर्ष.

आपल्याकडे वाट हलगर्जीपणा सिद्ध करण्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आली, पण जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती केंद्रं बाहेर राहिली. 2021 च्या मार्चमध्ये खासगी दवाखान्यात 250 रुपये मोजले, त्यांना ती पावती कामाची होती. तक्रारही दोन वर्षांच्या आत करायची. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, लसीच्या दुष्परिणामांना सरकार जबाबदार नाही, हवं तर दिवाणी दावा करा.

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर सीपीआर हा सरकारी दवाखाना आणि समोरच, 2025 च्या ऑगस्टपासून, हायकोर्टाचं सर्किट बेंच. दवाखाना ते कोर्ट, रस्ता ओलांडायचा एवढंच. पण हातात कागद काय? काकूंनी लस सरकारी केंद्रावर घेतली होती, फुकट. मोबाइलवर प्रमाणपत्र आहे. त्यावर लसीचं नाव आहे, तारीख आहे. कोणत्या हाताला टोचलं, ते नाही.