पीएफचा भरणा आणि निकेलचे थेंब

अंधेरी एमआयडीसीतल्या एखाद्या निकेल प्लेटिंगच्या गाळ्यात जरा वेळ उभं राहून कामगारांचे हात बघावेत. नळाच्या तोट्या अडकवलेला जिग, म्हणजे माल टांगायची चौकट, टाकीतून वर आला की त्याला चिकटून हिरवं द्रावण येतं. मुरलेला कामगार तो टाकीवरच तिरका धरून दहा-बारा सेकंद निथळू देतो. नवखा तसाच धुवायला नेतो. मग ते निकेल सांडपाण्यात उतरतं. चुना किंवा कॉस्टिक टाकून ते खाली बसवायचं आणि गाळ घातक कचरा म्हणून तळोज्याच्या कचरा प्रक्रिया केंद्रात पाठवायचा.

आता मालकाचा हिशोब. पीएफचे १२ टक्के, त्यासोबतचा विमा आणि प्रशासकीय शुल्क मिळून १ टक्का, ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, ३.२५ टक्के. १५,००० पगारावर माणशी जवळपास २,४४० रुपये. 25 माणसांचे महिन्याला ६१,००० च्या घरात. हा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत झालाच पाहिजे, नाहीतर व्याज आणि दंड. सांडपाण्याचा नवा पंप मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून लांबवता येतो. हात आखडला की पहिली कात्री तिथेच लागते.

काही मालक माणसं कमी करून स्वयंचलित लाइन बसवतात. यंत्र प्रत्येक जिग ठरलेला वेळ निथळवतं, हे चांगलंच. पण विजेचं बिल वाढतं आणि माणसाची रोजी जाते.

मला मात्र त्या मुरलेल्या हाताचं मोल जास्त वाटतं. तो हात एका दिवसात तयार होत नाही. पीएफ खातं माणसासोबत फिरतं, पण नोंदणी नसलेल्या गाळ्यात गेलं की भरणा थांबतो, आणि घरच्यांचा ईएसआयचा दवाखानाही सुटतो. म्हणून माणूस टिकतो. म्हणजे ज्या पैशांमुळे पंप लांबला, त्याच पैशांमुळे थेंब टाकीत परत पडतो.

जर्मनीने १९९९ मध्ये इंधन आणि विजेवर पर्यावरण कर लावला आणि त्या पैशातून पेन्शनच्या वर्गणीचा दर २०.३ वरून १९.५ टक्क्यांवर आणला. माणूस ठेवणं स्वस्त, धूर काढणं महाग.

आपल्याकडेही जुलै २०१९ मध्ये ईएसआयचा मालकांचा हिस्सा ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आला. वर हिशोब केलेल्या २५ माणसांच्या गाळ्यात ही बचत महिन्याला ५,६०० रुपयांच्या आसपास होते. तिला कुठलीच अट नव्हती. धुण्याची दुसरी टाकी बसवून पाणी मालाच्या उलट्या दिशेने फिरवलं, तर पाणी कितीतरी पट कमी लागतं. तेवढी एक अट तरी घालायला हवी होती.