पार्श्वभूमी: चिनी कवितेतला निसर्ग आणि ‘शिंग’चा घोळ

चंद्र, बांबू, धुकं, नदीवरची एकटी होडी. अभिजात चिनी कवितेतलं एवढं सामान आपल्याला पाठ असतं, ते पुन्हा मांडत नाही. वाद आहे तो निसर्ग कवितेत येतो कशासाठी याचा, आणि तो एका शब्दापाशी अडतो: ‘शिंग’. (आपल्या शिंगाशी संबंध नाही, अर्थ साधारण ‘उठवणं, जागं करणं’.)

शीजिंग या ३०५ कवितांच्या सर्वांत जुन्या संग्रहाची पहिलीच कविता घ्या. नदीतल्या बेटावर पाणपक्षी साद घालताहेत. लगेच पुढे एक सुशील मुलगी, थोराघरी शोभेल अशी. दोघांना जोडणारं ‘जसं-तसं’ मध्ये कुठेच नाही. सरळ वर्णनाला ‘फू’ म्हणत, उपमेला ‘बी’. या दोन्हींत न बसणारं ते ‘शिंग’. संग्रहाच्या जुन्या प्रस्तावनेत ही तिन्ही नावं येतात, पण व्याख्या एकाचीही नाही. घोळ इथूनच सुरू होतो.

हान राजवटीच्या काळातल्या (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या) एका भाष्यपरंपरेने ११६ कवितांवर ‘शिंग’ असा शिक्का मारला. पहिल्या कवितेतले पक्षी तिच्या मते राणीच्या सदाचाराचं प्रतीक. त्याच काळातल्या दुसऱ्या परंपरेला त्याच कवितेत उशिरा उठणाऱ्या राजाला मारलेला टोमणा ऐकू आला. पहिलीचं भाष्य पूर्ण टिकलं, दुसरीचे तुकडेच उरले, आणि टिकलेला अर्थ हाच मूळ अर्थ ठरला. १२व्या शतकातल्या एका वजनदार भाष्यकाराने राजकारण बाजूला ठेवून म्हटलं, आधी दुसऱ्याच वस्तूबद्दल बोलायचं आणि मग मुद्द्यावर यायचं, ते शिंग. १९२०च्या दशकात लोकगीतं गोळा करणाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन सांगितलं की यमक मिळावं, गाण्याला तोंड फुटावं, एवढ्यासाठीच ती ओळ असते. मला हे अर्धंच पटतं. यमकाला शब्द पुष्कळ मिळतात. मग जोडीने साद घालणारे पक्षीच का?

ही भानगड आपल्याही ओळखीची आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत कमळाच्या पानावर बगळी निश्चल बसली आहे, पाचूच्या ताटात शंख ठेवावा तशी. ‘इथे कुणी फिरकत नाही, भेटायला जागा बरी’ हा अर्थ त्यातून टीकाकारांनीच काढून दाखवला.

पुन्हा चीनकडे. ३१७ साली तिथला राजदरबार यांगत्से नदीच्या दक्षिणेला सरकला. तिथल्या हिरव्या डोंगरांतून पुढच्या शतकात ‘शानश्वे’, म्हणजे डोंगर-पाण्याची कविता उभी राहिली. इथे निसर्ग प्रस्तावनेपुरता उरला नाही, तोच विषय झाला. तरी अर्थ शोधणारे काही थांबले नाहीत. ७५६ साली राजधानी छांगआन बंडखोरांच्या हाती पडली आणि पुढच्या वसंतात तिथे अडकलेल्या एका कवीने लिहिलं: देश मोडला, डोंगर-नद्या आहेत, शहरात वसंत, गवत-झाडं दाट. ११व्या शतकातला एक इतिहासकार सांगतो, डोंगर-नद्या आहेत म्हणजे बाकी काही उरलं नाही. गवत दाट म्हणजे माणसं नाहीत. भाष्य असावं तर असं.

पण हीच सवय १०७९ साली एका कवीच्या जिवावर उठली. त्याने दोन जुनिपर वृक्षांवर लिहिलं होतं: मुळं पाताळापर्यंत सरळ गेली आहेत, हे फक्त तिथे झोपलेल्या ड्रॅगनला ठाऊक. एका मंत्र्याने तक्रार केली की आकाशातला ड्रॅगन म्हणजे सम्राट, आणि हा जमिनीखालचा शोधतोय! सम्राट म्हणाला, तो झाडाबद्दल बोलतोय, माझा काय संबंध? निदान तशी आठवण पुढे नोंदली गेली. कवीवर इतरही कवितांचे आरोप होतेच. शंभराहून जास्त दिवस कैद भोगून तो जिवानिशी सुटला आणि हद्दपार झाला.

विसाव्या शतकात वारं उलट फिरलं. १९१५च्या एका लहानशा इंग्रजी अनुवादानंतर पाश्चात्त्य वाचकांना या कवितांत स्वच्छ, मुकी चित्रं दिसू लागली. आपल्याकडेही ही कविता बरीचशी इंग्रजीवाटेच आली. त्यात काय गळलं ते विलोवरून कळतं. हे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. छांगआनबाहेरच्या पुलावर निरोप देताना त्याची फांदी मोडून हातात देत. चिनीत त्याचं नाव ‘लिऊ’, आणि ‘थांब’ म्हणायलाही जवळजवळ तोच उच्चार.