दहावीचा निकाल आणि सरकारचं प्रगतिपुस्तक

मे महिन्यात एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा निकाल लागला की बेळगावात दोन-चार दिवस दुसरा विषय नसतो. विरोधक म्हणतात शिक्षण खात्याचं दिवाळं वाजलं, सत्ताधारी म्हणतात सुधारणा झाली, महाराष्ट्र एकीकरण समितीवाले सीमाभागातल्या मराठी शाळांकडे बोट दाखवतात. तिघांच्याही हातात तीच टक्केवारी. पण पोरं परीक्षेत किती पास झाली हा एक हिशेब आहे आणि सरकारने शाळांसाठी काय केलं हा दुसरा. पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या खात्यावर बिनदिक्कत मांडला जातो.

निकालाचा आकडा कसा हलतो ते गेल्या काही वर्षांत चांगलंच दिसलं. 2021 मध्ये कोविडमुळे जवळपास सगळेच पास. 2022 मध्ये 85.63 टक्के, 2023 मध्ये 83.89. मग 2024 मध्ये परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग आलं, म्हणजे वर्गात कॅमेरा आणि वर बसून पाहणारे अधिकारी. कॉपीला चाप बसला आणि निकाल कोसळायला लागला. तेव्हा मंडळाने ग्रेस मार्कांची मर्यादा 10 टक्क्यांवरून 20 वर नेली आणि ते मिळण्याची अट 35 टक्क्यांवरून 25 वर आणली. तेव्हा कुठे वर्षातल्या तीनपैकी पहिल्या परीक्षेचा निकाल 73.40 झाला. ग्रेस काढली तर तो 53 च्या आसपास होता. यावर मुख्यमंत्र्यांनीच नाराजी दाखवली आणि 2025 ला ही खैरात बंद झाली. त्या वर्षी नियमित विद्यार्थ्यांचा निकाल 66.14 टक्के, रिपीटर आणि खासगी धरून 62.34.

आता भांडण बघा. 2025 चा आकडा 73 शी ताडून पाहिला तर घसरण, 53 शी ताडलं तर वाढ. खोटं कुणीच बोलत नाही. माझ्या मते 53 ची तुलना त्यातल्या त्यात सरळ, कारण दोन्ही वर्षी कॅमेरे होते आणि दोन्ही आकडे ग्रेसशिवायचे. ‘आमच्या काळात 83 होता’ हे भाजपवाल्यांचं म्हणणं आकड्याने बरोबर आहे, पण तो कॅमेऱ्यांच्या आधीचा आकडा. तसंच कॅमेरे लावले म्हणून शिकवणं सुधारलं असंही नाही. फक्त खरं काय ते उघडं पडलं. हे सरकारचं श्रेय म्हणायचं तर परीक्षा नीट घेतल्याचं म्हणा.

जिल्ह्याच्या क्रमांकाची गंमत तर वेगळीच. महसुली जिल्हा एक, पण शैक्षणिक जिल्हे दोन, बेळगाव आणि चिकोडी. खानापूर बेळगावात मोजलं जातं, निपाणी, अथणी, गोकाक चिकोडीत. त्यामुळे ‘बेळगावचा क्रमांक घसरला’ अशी बातमी वाचून निपाणीच्या आमदाराला जाब विचारण्यात अर्थ नाही, त्यांचा आकडा दुसऱ्या ओळीत असतो. शिवाय 35 शैक्षणिक जिल्ह्यांत आपला निकाल वाढूनही बाकीच्यांचा जास्त वाढला तर नंबर खालीच जाणार.

शाळेच्या पातळीवर टक्केवारी आणखी बेभरवशाची. खेड्यातल्या मराठी हायस्कुलात दहावीला 20 मुलं असली तर एक पोर गणितात अडकलं की 5 टक्के गेले. दोन अडकली की 10. मग बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसातून नोटीस, मुख्याध्यापकांची धावपळ, जानेवारीपासून ‘पासिंग पॅकेज’. ठरावीक प्रश्न पाठ करून घ्यायचे म्हणजे निकाल वर येतो. पोर शिकलं का, ते पुढे कॉलेजात कळतं.

सरकारची कामगिरी मोजायची तर मे महिन्यातला आकडा कमी कामाचा, जून महिना बघावा. शाळा उघडली तेव्हा गणिताची, विज्ञानाची जागा भरलेली होती का? अतिथी शिक्षक आला तो कधी आला, आणि मराठी माध्यमाच्या वर्गावर मराठी येणारा आला का? मराठीतली पाठ्यपुस्तकं मुलांच्या हातात कधी पडली? हे प्रश्न एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या बैठकीत विचारता येतात आणि त्यांची उत्तरं ग्रेस मार्कांनी बदलत नाहीत. खालच्या वर्गांसाठी ‘असर’चं सर्वेक्षण आहे. त्यात खेड्यापाड्यात घरोघरी जाऊन पोराला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का, हे तपासतात. कसोटी दरवेळी जवळपास तीच, म्हणून वर्षावर्षाची तुलना करता येते. दहावीत नापास झालेल्या पोराची गाडी बहुतेकदा तिथेच, चौथी-पाचवीत अडकलेली असते. म्हणजे आज निकालाचं खापर ज्यांच्या डोक्यावर फुटतंय, ते पोर तिसरीत होतं तेव्हा सत्तेवर भलतेच कुणी असण्याची शक्यता बरीच.

आणि सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजचे पाहुणे. 2025 ला महाराष्ट्राचा दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला, म्हणून ‘तुमचं कर्नाटक फारच मागं’ असं ऐकवून गेले. तिकडे गणित आणि विज्ञान मिळून 200 पैकी 70 आणि प्रत्येकी किमान 25 असले की भागतं. इकडे 2025 पर्यंत दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागायचं, एकात 28 आणि दुसऱ्यात 50 पडले तरी नापासच. तेच पोर सीमेपलीकडे पास. नियम वेगळे असताना कोणतं सरकार सरस, ते या दोन आकड्यांवरून ठरत नाही.

2025-26 पासून तर इकडचाही नियम बदलला आहे. 625 पैकी 206 म्हणजे 33 टक्के, आणि प्रत्येक विषयात किमान 30 टक्के. तेव्हा या नव्या नियमाने निकाल वाढला म्हणून फटाके लावणाऱ्यांना आधी विचारा, जुन्या 35 च्या नियमाने त्यातले किती बसले असते. आणि आणखी एक विचारा. गेल्या वर्षी नववीच्या पटावर किती होती, आणि त्यातल्या किती जणांनी दहावीचा फॉर्म भरला? मधेच शाळा सोडून गेलेलं पोर कुणाच्याच टक्केवारीत येत नाही.